पारा, गंधक आणि मुळेचा काळा गाळ

मुळशीकडून येणारी मुळा दापोडीला पवनेचे पाणी घेते, एका काठाला खडकी आणि दुसऱ्या काठाला कळस, विश्रांतवाडी व येरवडा ठेवून पुढे सरकते आणि संगमावर मुठेला मिळते. या टप्प्यात उन्हाळ्यात नदीचे स्वतःचे पाणी थोडे आणि नाल्यांतून येणारे सांडपाणी अधिक असते, प्रवाह मंदावतो, पृष्ठभाग जलपर्णीने झाकला जातो आणि तळाशी काळा, चिकट गाळ साचतो. हा गाळ काठीने उकरला की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, आणि वर काढलेले ढेकूळ काही वेळ उघड्यावर राहिले की त्याचा काळेपणा ओसरून वरून तांबूस-करडी छटा येते. वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो, काळा रंग लोह व गंधक यांच्या संयुगाचा, म्हणजे आयर्न सल्फाइडचा असतो, आणि हवेतील ऑक्सिजन लागताच त्या संयुगातील लोह गंजते म्हणून रंग पालटतो.

गंधकाने भरलेल्या अशा गाळात पारा येऊन पडला तर त्याचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. शहराच्या पाण्यात पारा येण्याच्या वाटा साध्या आहेत : फुटलेल्या ट्यूबलाइट, जुने थर्मामीटर आणि रक्तदाबाची यंत्रे, दातांत ‘चांदी’ भरताना वापरले जाणारे पाऱ्याचे मिश्रण, आणि कोळसा जळताना हवेत जाऊन पावसाबरोबर उतरणारा पारा. गंधकाच्या वाटा तर घरोघरच्या आहेत, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत भर म्हणून सोडियम सल्फेट असते, पाणी निवळण्यासाठी वापरली जाणारी तुरटी हे अ‍ॅल्युमिनियमचे सल्फेट आहे आणि मैल्यातील प्रथिनांतही गंधक असतोच. या दोन मूलद्रव्यांच्या गाठीविषयी अभ्यासकांत दोन दृष्टी आहेत. एक दृष्टी गंधकाला पाऱ्याचा बंदोबस्त करणारा मानते, तर दुसरी त्यालाच पाऱ्याचे विष माशांपर्यंत पोहोचवणारा मानते. पुढील संवादात पूर्वपक्ष एका रसायनज्ञाच्या आणि उत्तरपक्ष एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विदुषीच्या तोंडी घातला आहे; दोन्ही व्यक्ती कल्पित असल्या, तरी त्यांनी दिलेले पुरावे प्रत्यक्षातले आहेत.

रसायनज्ञ : मॅडम, प्रारंभ रासायनिक ओढीपासून करणे योग्य ठरेल. राल्फ पीअरसन यांनी १९६३ मध्ये आयनांची ‘कठीण’ आणि ‘मृदू’ अशी विभागणी मांडली, आणि ज्यांचे इलेक्ट्रॉन सैल धरलेले असतात असे मृदू आयन मृदू सोबत्यांशीच घट्ट बांधले जातात असे दाखवले. पाऱ्याचा आयन मृदू आहे आणि सल्फाइडही मृदू आहे. ही ओढ आपल्याकडच्या रसशास्त्राला प्रयोगाने ठाऊक होती : शुद्ध केलेला पारा आणि गंधक खलात घालून घोटत राहिले की पाऱ्याचे चकाकणारे थेंब हळूहळू बारीक होत नाहीसे होतात आणि काजळासारखी काळी पूड उरते. या पुडीला कज्जली म्हणतात, आणि तिच्यात पाऱ्याची चकाकी मुळीच दिसेनाशी झाली, म्हणजे ती ‘निश्चंद्र’ झाली, की घोटणे पुरे झाले असे मानतात. रसायनाच्या भाषेत कज्जली म्हणजे मुख्यतः काळे मर्क्युरिक सल्फाइड. निसर्गात हेच संयुग लाल रूपात हिंगूळ म्हणून सापडते, आणि स्पेनमधील अल्मादेन येथील त्याच्या खाणींतून दोन हजार वर्षांपेक्षा अधिक काळ पारा काढला गेला. म्हणजे खडकात बसलेले हे संयुग भूशास्त्रीय काळ टिकून राहते.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : सर, खडकातील हिंगुळाच्या टिकाऊपणाविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो पाण्यातील वागणुकीचा.

रसायनज्ञ : पाण्यातही आकडे याच बाजूने बोलतात. एखादा अविद्राव्य क्षार पाण्यात किती सुटतो हे ज्या संख्येने मोजतात, तिला विद्राव्यता गुणाकार म्हणतात. मर्क्युरिक सल्फाइडसाठी ही संख्या दहाचा सुमारे उणे ५२ वा घात इतकी लहान आहे. याचा अर्थ लावायचा तर, केवळ या समीकरणाच्या हिशेबाने एक लिटर शुद्ध पाण्यात पाऱ्याचा सरासरी एक सुटा आयनही सापडू नये. गंधकाने काळा झालेला गाळ ही त्यामुळे पाऱ्यासाठी तिजोरी ठरते, आणि नदीने स्वतःच उभारलेली ही व्यवस्था माणसाने बिघडवू नये, एवढेच पूर्वपक्षाचे म्हणणे आहे.

उत्तरपक्षाची सुरुवात या हिशेबातील ‘सुटा आयन’ या शब्दांवर बोट ठेवून होते. समीकरण फक्त सुट्या आयनाविषयी सांगते. पारा पाण्यात इतर कोणत्या रूपांत फिरतो हे ते सांगत नाही. शिवाय गाळातील सल्फाइड आले कोठून, हा प्रश्न पूर्वपक्षाने विचारलेलाच नसतो.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : मुळेच्या तळाशी असलेले सल्फाइड दगडातून आलेले नाही, ते जिवाणूंनी तयार केलेले आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणू प्रथम ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मँगेनीज व लोह यांची ऑक्साइडे, आणि तीही संपत आली की सल्फेट. श्वसनासाठी सल्फेट वापरून त्याचे सल्फाइड करणाऱ्या या जिवाणूंना सल्फेट-क्षपणकारी जिवाणू म्हणतात. जी काळी तिजोरी आपण दाखवता, ती ज्यांनी बांधली त्यांच्यापैकी काहींच्या हाती दुसरेही एक काम आहे : पाऱ्याला एक मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा गट, जोडून त्याचे मेथिल मर्क्युरी करणे. गाळातील सूक्ष्मजीव हे घडवतात असे स्वीडनमध्ये सॉरेन येन्सन आणि आर्ने येर्नलोव यांनी १९६९ मध्ये दाखवले, आणि खाडीच्या ऑक्सिजनविरहित गाळात हे काम प्रामुख्याने सल्फेट-क्षपणकारी जिवाणू करतात असे कोम्पो आणि बार्था यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले. या जिवाणूंना सल्फेट मिळू दिले नाही की मेथिलीकरण मंदावते. गोड्या पाण्यात तर उलट प्रयोगही झाले आहेत : सल्फेट कमी असलेल्या गाळात बाहेरून थोडे सल्फेट घातले, की मेथिल मर्क्युरी वाढते.

रसायनज्ञ : जिवाणू आहेत हे मान्य, पण ज्या पाऱ्याचे रूपांतर करायचे, तो सल्फाइडात अडकलेला असेल तर पेशीच्या आत शिरेल कसा?

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : तीन वाटांनी. पहिली वाट अशी की पाण्यात सल्फाइड विरघळलेले असेल तर पाऱ्याबरोबर त्याची विद्युतभाररहित, विरघळलेली संकुले बनतात, आणि भार नसलेला लहान रेणू पेशीच्या आवरणातून सहज आत शिरू शकतो, अशी मांडणी बेनोइट, गिल्मोर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केली. दुसरी वाट अतिसूक्ष्म कणांची आहे : पाण्यातील विरघळलेले सेंद्रिय द्रव्य, म्हणजे कुजलेल्या पानांपासून आणि मैल्यापासून आलेले मोठे रेणू, नव्याने तयार होणाऱ्या मर्क्युरिक सल्फाइडला वेढून घेते, त्याचे स्फटिक वाढू देत नाही, आणि असे काही नॅनोमीटर आकाराचे, विस्कळीत घडणीचे कण जिवाणूंना जुन्या, सुघटित स्फटिकांपेक्षा खूपच अधिक उपलब्ध असतात. तिसरी वाट त्याच सेंद्रिय द्रव्यातील थायॉल गटांची, म्हणजे गंधक आणि हायड्रोजन यांच्या जोडीची. हे गट पाऱ्याला इतके घट्ट धरतात, की फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स दलदलीतून घेतलेले सेंद्रिय द्रव्य हिंगुळालादेखील थोडे थोडे विरघळवते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तीनही वाटांवर पाऱ्याला वाहून नेणारा गंधकच आहे.

येथे वादाचे स्वरूप थोडे बदलते, कारण पूर्वपक्ष आपली भूमिका सोडत नाही, पण ती अधिक नेमकी करतो. गंधक पाऱ्याला धरतो हे दोघांनाही मान्य असल्यामुळे प्रश्न आता उरतो तो गंधक कोणत्या रूपात, किती आणि कोणाच्या सोबतीने आहे याचा.

रसायनज्ञ : मॅडम, आपल्या पुराव्यातच एक मर्यादा दडलेली आहे. सल्फेट वाढवले की मेथिल मर्क्युरी वाढते हे खरे, पण ते एका बिंदूपर्यंतच. एव्हरग्लेड्समध्ये उसाच्या शेतीतून सल्फेट उतरते, आणि तिथल्या दीर्घ अभ्यासातून असे दिसले की सल्फेट लिटरमागे काही मिलिग्रॅमपासून साधारण वीस मिलिग्रॅमपर्यंत असते तेथे मेथिल मर्क्युरीची निर्मिती जोरात असते. त्याहून फार कमी सल्फेट असेल तर जिवाणूंना पुरत नाही, आणि फार जास्त असेल तर सल्फाइड इतके साठते की पारा पुन्हा अडकून पडतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते. म्हणून उल्हास नदीच्या खाडीच्या तोंडाशी जे घडते त्यावरून मुळेबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : आणि मुळेबद्दलचा निष्कर्ष समुद्राच्या भरवशावरही काढता येणार नाही, सर. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधून येणाऱ्या नद्यांत मूळचे सल्फेट कमी असते. त्यांत शहराचे सांडपाणी, खतांतील सल्फेट, पुढे भीमेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांत रस स्वच्छ करण्यासाठी वापरला जाणारा गंधक आणि आसवन्यांचे सांडपाणी अशी भर पडत जाते. म्हणजे ही नदी आपण सांगितलेल्या कमी-जास्त सल्फेटच्या वक्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे सरकत असते, आणि मधला घातक भाग टाळून तिला जाता येत नाही. शिवाय हे सरकणे दरवर्षी नव्याने घडते : मे महिन्यात साठलेले सल्फाइड जुलैच्या पुराने ढवळले जाते, ऑक्सिजन लागून त्याचे पुन्हा सल्फेट होते, त्याला बांधलेला पारा काही अंशी मोकळा होतो, आणि ऑक्टोबरनंतर पाणी थांबले की जिवाणूंना ताजे सल्फेट आणि ताजा पारा एकाच वेळी मिळतो.

रसायनज्ञ : ताज्या पाऱ्याचा मुद्दा पूर्वपक्षालाही उपयोगी आहे. कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात ‘सरोवर ६५८’ येथे २००१ पासून पुढे सात वर्षे पाऱ्याची वेगवेगळी समस्थानिके, म्हणजे वजनावरून ओळखता येणारी रूपे, सरोवरात आणि भोवतालच्या जमिनीवर मुद्दाम टाकण्यात आली. थेट पाण्यात टाकलेला नवा पारा लवकरच माशांत दिसला, गाळात पूर्वीपासून असलेला पारा मात्र तितक्या तत्परतेने उतरला नाही. आणि टाकणे थांबवल्यावर माशांतील त्या नव्या पाऱ्याचे प्रमाण काही वर्षांतच घसरले. जुना पारा गंधकाने बांधून ठेवलेला असतो, या म्हणण्याला यातून आधार मिळतो. जपानमधील मिनामाटाचा दाखलाही या ठिकाणी सरसकट देता येत नाही, कारण १९५६ मध्ये जो आजार जगापुढे आला, त्याचे मेथिल मर्क्युरी मुख्यतः कारखान्यातच, अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना तयार होऊन उपसागरात सोडले गेले होते. तिथल्या गाळातील जिवाणूंचे ते काम नव्हते.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : मिनामाटाविषयीची दुरुस्ती योग्य आहे. परंतु महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या किनाऱ्यावर जे घडले ते त्या प्रकारचे नव्हते. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्याचे विद्युत विघटन करताना पारा ऋणाग्र म्हणून वापरत, आणि त्यातील काही पारा सांडपाण्याबरोबर बाहेर जाई. हा पारा असेंद्रिय असतो. कल्याण परिसरातील अशा कारखान्यांमुळे उल्हास खाडीच्या गाळात साठलेला पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील संशोधकांनी नोंदला, आणि कारवारजवळ बिणग्याच्या किनाऱ्यावरही कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याभोवतीच्या पाऱ्याचा अभ्यास सागरी शास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास प्रसिद्ध केला. आता कॉस्टिक सोडा बनवताना पाऱ्याऐवजी पटल पद्धत वापरतात, म्हणजे नवा पारा थांबला. पण गाळातला असेंद्रिय पारा मेथिल मर्क्युरी होईल की सल्फाइड म्हणून पडून राहील, हे आता त्या खाडीत रोज येणारे शहरी सांडपाणी ठरवते.

रसायनज्ञ : म्हणजे आपला रोख पाऱ्याकडून मैलापाण्याकडे वळला आहे.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : तो तिथेच असायला हवा होता, आणि त्याला अमेरिकेतील सिरॅक्यूज शहराजवळच्या ओनोंडागा सरोवराचा आधार आहे. त्या सरोवरात कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याने १९४६ पासून पाव शतकभर पारा सोडला, आणि त्याच सरोवरात शहराचे सांडपाणीही जाई. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपे, नायट्रेट संपे, सल्फेट-क्षपण सुरू होई आणि तळाच्या पाण्यात मेथिल मर्क्युरी साठे. २००४ नंतर शहराच्या शुद्धीकरण केंद्रात अमोनियाचे नायट्रेट करण्याची सोय झाली, त्यामुळे सरोवरात नायट्रेट वाढले आणि मेथिल मर्क्युरी कमी झाली. हे पाहून २०११ पासून उन्हाळ्यात तळाच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट सोडले जाऊ लागले आणि तळाशी मेथिल मर्क्युरी साठणे जवळजवळ थांबले. नायट्रेट असताना जिवाणूंची मदार सल्फेटवर राहत नाही, एवढीच त्यामागची गोम. हा परिणाम साधला तो पाण्यातील पारा काढून नव्हे, तर जिवाणूंचा श्वास बदलून.

मेथिल मर्क्युरीचा धोका पाणी पिण्यातून कमी आणि मासे खाण्यातून अधिक असतो, कारण पाण्यातील अत्यल्प प्रमाण अन्नसाखळीत एकेका पायरीवर वाढत जाऊन मोठ्या शिकारी माशांत लाखो पटींनी जास्त होते. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे. पण या मर्यादेच्या आत असलेल्या पाण्यातही मासे सुरक्षित आहेतच असे त्या आकड्यावरून म्हणता येत नाही. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते आणि तेथे मासेमारी चालते. शेवाळ आणि वनस्पती खाणारी चिलापी या साखळीत खालच्या पायरीवर असते, तर इतर मासे खाऊन वाढणारा मरळ वरच्या. तेव्हा एकाच पाण्यातले हे दोन मासे खाणाऱ्यांवरचा भार सारखा नसतो. गंधक इथेही सोबत सोडत नाही : शरीरात मेथिल मर्क्युरी सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाशी बांधली जाते, ही जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, आणि त्यामुळे मेंदूभोवतीचा अडसर आणि वार ओलांडून ती मेंदूत आणि गर्भात पोहोचते.

रसायनज्ञ : ओनोंडागाचा दाखला मान्य केला तरी त्यातील उपाय जसाच्या तसा इथे लागू करता येणार नाही. वाहत्या, आधीच अतिपोषित झालेल्या नदीत नायट्रेट ओतणे म्हणजे उजनीतील शेवाळाला खत घालणे ठरेल. शिवाय तळाला ऑक्सिजन पोहोचवला, तर सल्फाइडचे ऑक्सिडीभवन होऊन बांधलेला पारा सुटेल ही शंका कायम राहते. मुळा-मुठा नदीकाठ विकासाचा प्रकल्प सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा आहे; अशा कामात गाळ काढला, ढवळला किंवा काठावर पसरून वाळू दिला, तर आपण सांगितलेले जुलैचे ढवळणे यंत्रांनी बारा महिने घडेल.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ : गाळ आधी तपासल्याशिवाय काढू नये, याविषयी मतभेद नाही. मिनामाटातही दूषित गाळ घाईने उपसला नाही. १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षे काम चालवून तो बंदिस्त भरावाखाली घातला गेला. मतभेद आहे तो गाळ तसाच ठेवून वरून सांडपाणी येऊ देण्याविषयी. तिजोरी बंद ठेवायची असेल तर तिच्यावर दररोज ताजे सल्फेट, ताजे सेंद्रिय द्रव्य आणि ताजा पारा ओतत राहणे कोणत्या हिशेबात बसते?

रसायनज्ञ : ते पूर्वपक्षाच्याही हिशेबात बसत नाही. नवा पारा आणि नवे सांडपाणी आधी थांबावे, आणि गाळाला हात नंतर लावावा, हा क्रम दोन्ही पक्षांना चालण्यासारखा आहे.

या क्रमापर्यंत दोन्ही पक्ष वेगवेगळ्या वाटांनी येतात हे लक्षात घेण्यासारखे आहे. रसायनज्ञाला जुने, स्फटिकरूप सल्फाइड अबाधित ठेवायचे आहे, तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला नवे, विस्कळीत सल्फाइड तयार होऊ द्यायचे नाही. आणि गंधक दोघांच्याही दृष्टीने स्वतंत्रपणे चांगला किंवा वाईट ठरत नाही. पाण्यात ऑक्सिजन टिकला तर गंधक सल्फेट म्हणून निष्क्रिय राहतो, ऑक्सिजन पूर्ण संपून सल्फाइड भरपूर साठले तर तो पाऱ्याला बव्हंशी जखडतो, आणि या दोन टोकांच्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या पाण्यात तो पाऱ्याला जिवाणूंच्या स्वाधीन करतो. विश्रांतवाडीजवळची मुळा ऋतूंगणिक आणि नाल्यांगणिक असेच हेलकावे खाते.

धोरणाच्या पातळीवर मात्र ही दोन मूलद्रव्ये वेगळ्या कागदांवर राहिली आहेत. २०१३ मध्ये स्वीकारलेला, १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेला आणि भारताने जून २०१८ मध्ये अनुसमर्थन दिलेला मिनामाटा करार पाऱ्याचे उत्पादन, व्यापार, वापर आणि उत्सर्जन यांना आवर घालतो. दुसऱ्या कागदावर पुण्यातील नदीसुधार योजना आहे, जिच्यात ११ नवे मैलाशुद्धीकरण प्रकल्प आणि दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता अपेक्षित असून त्यांपैकी एक विश्रांतवाडीला लागून असलेल्या धानोरीचा आहे. ही योजना सांडपाण्याच्या स्वच्छतेसाठी आखली आहे, पाऱ्यासाठी नव्हे. पण वरील युक्तिवाद खरा असेल तर धानोरीला शुद्ध झालेले प्रत्येक लिटर पाणी मुळेच्या तळाशी मेथिलीकरणाला लागणारे सेंद्रिय द्रव्य कमी करते, आणि म्हणून ते पाऱ्याच्या नियंत्रणाचेही काम करते. मैलाशुद्धीकरणाने सल्फेट मात्र फारसे कमी होत नाही, हे विसरता कामा नये. ते उगमापाशीच, धुण्याच्या पावडरीपासून साखर कारखान्यांपर्यंत, कमी करावे लागेल. त्यामुळे नदीच्या तपासणीत जैविक ऑक्सिजन-मागणी आणि विरघळलेला ऑक्सिजन यांच्या जोडीला सल्फेट, सल्फाइड आणि मरळसारख्या शिकारी माशांतील मेथिल मर्क्युरी एकाच ठिकाणी, एकाच ऋतूत मोजणे ही दोन्ही पक्षांची पहिली मागणी असायला हवी. ते आकडे शेजारी शेजारी मांडल्यावरच कोणत्या नाल्याच्या तोंडाशी रसायनज्ञाचे म्हणणे लागू पडते आणि कोणत्या तोंडाशी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे, हे सांगता येईल.